वाढदिवशी उंची का वाढली नाही?

प्रश्न : बाई, माझा मुलगा नुकताच पाच वर्षांचा झाला. वाढदिवशी उठल्या उठल्या आरशापुढं गेला आणि रडायलाच लागला, "मी मोठा झालोच नाही!" बोलतो पण असंच, "काल आपण जोतिबाला जाणार." रविवारी मामाकडं जायचं असलं की बुधवारपासून जीव खातो. सासूबाई म्हणतात, घड्याळ शिकव. शिकवू का?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण घड्याळ अजून वर्ष-दोन वर्षं भिंतीवरच राहू दे. या वयात आकडे पाठ होतात, वेळ कळत नाही. "पाच वाजता" म्हणण्यापेक्षा "दूध पिऊन झालं की बाबा येणार, मग रंकाळ्यावर" असं सांगा. मामाकडं जायला जितके दिवस, तितके चिंचोके वाटीत ठेवा. रोज झोपताना एक त्यानंच काढायचा. वाटी रिकामी झाली की पिशवी भरायची. बालवाडीत सहलीआधी मी हेच करायची. आणि "काल"वरून टोकू नका; "हो, उद्या जाणार" एवढं म्हणून पुढं चला.

नोव्हेंबरात 9, 10, 11 तारखेला अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीचं ऊन दिवसागणिक देवीच्या पायांपासून वर चढतं. काल कुठं होतं, उद्या कुठं येईल, हे विचारायला याहून चांगली जागा नाही. गर्दीचा धसका असेल तर घरातल्या भिंतीवरचं ऊन बघा.

आता मोठं होण्याचं. लहान मुलांना उंच तोच वयानं मोठा वाटतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांशी बोलून हे नोंदवून ठेवलंय. मला तर वर्गात एकानं विचारलेलं, "बाई, तुम्ही शिपाईमामांपेक्षा लहान का?" या वयात उंची वर्षाला साधारण 5 ते 7 सेंटिमीटर वाढते, एका रात्रीत आरशात काय दिसणार? त्यापेक्षा माळ्यावरचं गेल्या वर्षीचं पायताण काढा आणि घालू दे त्याला. टाच बाहेर आली की हसेल.

मामाचं रान असेल तर आणखी बरं. सुरू हंगामाचा ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. एक कांडी त्याच्या हातानं लावून घ्या. पावसाळा सरेपर्यंत ऊस त्याच्या डोक्यावरून गेलेला असेल. मग विचारा, "उंच कोण? आणि आधी जन्मलं कोण?" गोंधळला तर गोंधळू दे, उत्तर सांगू नका. तोड होऊन खोडवा फुटला, म्हणजे त्याच बुडख्यातून नवा ऊस आला, की पुन्हा विचारा.