अमेरिकेचं लायसन्स खरं, पण तासांचा हिशोब इथला

प्रश्न : मी सांगलीची. बाबांनी घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं आणि मी फ्लोरिडात विमान चालवायला शिकले. पहिलं उड्डाण ऑगस्ट २०२२ मध्ये, पुढच्या वर्षअखेरीस अमेरिकेचं कमर्शियल पायलट लायसन्स. एकूण २१२ तास, त्यात पीआयसी, म्हणजे विमानाची कमांड माझ्याकडे असलेले, ११८. परतल्यावर डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) रेग्युलेशन्स आणि कंपोझिट हे दोन्ही पेपर सुटले. लायसन्सचं भारतीय लायसन्समध्ये कन्व्हर्जन करून देतो म्हणणाऱ्या एका सल्लागाराला साडेपाच लाख दिले. आता तो म्हणतो, पीआयसी कमी भरतंय, नवीन लॉगबुक लिहून 'सेट' करू, सगळेच करतात. माझे ४० तास मैत्रिणीबरोबर सेफ्टी पायलट पद्धतीने झालेत आणि १२ तास प्रशिक्षक शेजारी असताना पीआयसी म्हणून लिहिलेत. मूळ लॉगबुक त्याच्याकडेच आहे. अमेरिकेने मान्य केलेले तास कोर्टात जाऊन इथे मान्य करून घेता येतील का?

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी ते लॉगबुक हातात घ्या. आजच त्या सल्लागाराला ईमेल करा: माझं मूळ लॉगबुक आणि इतर कागद सात दिवसांत परत करा, आणि माझ्या लेखी परवानगीशिवाय एकाही नोंदीला हात लावू नका. फोनवर बोलू नका, लेखीच कळवा. लॉगबुक मिळालं की प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा. तो टाळाटाळ करू लागला, तर विश्वासाने सोपवलेली वस्तू अडकवून ठेवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांत तक्रार देता येते. डीजीसीएच्या पोर्टलवरचं तुमचं ईजीसीए खातं त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून उघडलं असेल, तर नंबर आणि पासवर्ड दोन्ही बदला. अर्जातल्या प्रतिज्ञेखाली नाव तुमचं असतं, त्याचं नसतं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही अमेरिकेत काहीही खोटं लिहिलेलं नाही, हे मनात पक्कं ठेवा. तिथल्या नियमांप्रमाणे रेटिंग (त्या प्रकारच्या विमानाची परवानगी) असलेला पायलट स्वतः विमान हाताळत असेल, तर शेजारी प्रशिक्षक असतानाही तो वेळ पीआयसी म्हणून लिहू शकतो. एक जण हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावायची झापड) लावून फक्त उपकरणांवर उडवतोय आणि दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवतोय, अशा वेळी ठरावीक अटींवर दोघांनाही तोच तास पीआयसी धरता येतो. तास स्वस्तात भरावेत म्हणून तिथे शिकणारी अनेक मुलं हाच मार्ग धरतात.

आपल्याकडे हे चालत नाही. विमान नियम, १९३७ मधला नियम ६७अ लॉगबुकाचा आहे. प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकतानाचा वेळ त्यात 'ड्युअल' म्हणूनच लिहायचा असतो. एका छोट्या विमानात एकाच वेळी दोन कमांडर, ही गोष्ट इथे मान्य होत नाही. त्यामुळे १२ तास तुमच्या एकूण तासांत राहतील, पण पीआयसीतून जातील. ४० तासांपैकी विमान प्रत्यक्ष तुमच्या हातात होतं तेवढ्यांसाठी तुम्ही बाजू मांडू शकता. पण मैत्रिणीच्याही लॉगबुकात तेच तास पीआयसी म्हणून आहेत, म्हणून नियोजन करताना ते नाहीतच असं धरा. मग तुमच्याकडे एकूण १७२ आणि पीआयसी ६६ तास उरतात. इथल्या कमर्शियल लायसन्सला लागतात एकूण २०० आणि पीआयसी १००.

बाबांना वाटतं की भारत आणि अमेरिका एकाच आंतरराष्ट्रीय करारात आहेत, तर त्यांचं लायसन्स आपण नाकारू कसं शकतो? करार आहे, १९४४ चा शिकागो करार. पण त्याचं कलम ३३ म्हणतं की विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेलं किंवा वैध ठरवलेलं लायसन्स इतरांनी मानावं. म्हणजे अमेरिकेत नोंदलेलं विमान घेऊन तुम्ही इथे उतरलात, तर तुमचं लायसन्स चालेल. 'व्हीटी' अक्षरांनी नोंदलेलं भारतीय विमान चालवायचं, तर भारताची मान्यता हवी. आपल्या नियम ४५ मध्ये परदेशी लायसन्सला मर्यादित काळाची मान्यता देण्याची सोय आहे आणि नियम ४१ मध्ये परदेशी लायसन्सधारकाला काही परीक्षांतून सूट देता येते. दोन्हीकडे शब्द 'देता येईल' असाच आहे. ज्याला आपण कन्व्हर्जन म्हणतो, ते खरं तर काही सवलतींसह नव्याने मिळणारं भारतीय लायसन्स आहे. म्हणून तास कसे मोजायचे, यावर हायकोर्टात जाऊन फार हाती लागेल असं मला वाटत नाही. सुरक्षेचे निकष ठरवण्याचं काम कोर्ट स्वतःकडे घेत नाही. अर्ज विनाकारण पडून राहिला, कारण न देता फेटाळला किंवा म्हणणं न ऐकता निर्णय झाला, तर मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट जरूर करता येते.

तुमच्या सल्लागाराने एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. १०० पीआयसी तासांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही उडवल्याचा उल्लेख पत्रात नाही. म्हणजे तास पूर्ण भरले असते, तरी तुम्हाला पुन्हा विमानात बसावंच लागलं असतं. कमतरता ३४ तासांची, त्यातले १५ एरवीही उडवायचेच होते. राहिले १९. एकोणीस तासांसाठी बनावट लॉगबुक! ३४ तास पीआयसी उडवलेत की एकूणही २०६ होतात आणि वादातल्या एकाही तासावर तुमची फाइल उभी राहत नाही. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या उड्डाण संस्थांत चौकशी करा. स्टुडंट पायलट लायसन्स काढून प्रशिक्षकाच्या परवानगीने एकटीने तास करता येतात आणि स्किल टेस्टची तयारीही तिथेच होते. क्लास वन मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) त्या काळात चालू राहील असं बघा.

वेळेचं मात्र गणित आहे. २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले लागतात. तुमचं पहिलं उड्डाण ऑगस्ट २०२२ चं, म्हणजे ऑगस्ट २०२७ पासून सुरुवातीचे तास एकेक करून हिशोबातून गळू लागतील. क्रॉसकंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून) आणि रात्रीचे तास वेगळे मोजले जातात. त्यांचाही तक्ता आत्ताच करा, कारण वादातल्या ४० तासांत हूडचे, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचे तास असणार.

'सेट करू' या शब्दाकडे येते, कारण तुमचं आयुष्य बिघडवू शकेल असं पत्रात तेवढंच आहे. डीजीसीए परदेशी लायसन्सची खातरजमा ते देणाऱ्या देशाकडून करून घेते. विमानभाड्याची बिलं, शाळेची नोंद, मैत्रिणीचं लॉगबुक, कुठेही ताळा चुकला की विषय कमी तासांचा राहत नाही, बनावट दस्तऐवजाचा होतो. न्याय संहितेची कलमं ३१८, ३३६ आणि ३४० लागतात. विमान नियमांतले नियम १९ आणि ३९अ यांखाली लायसन्स निलंबित किंवा रद्द होतं, पुढे ते मिळवण्यालाही बंदी येऊ शकते. अमेरिकेच्या नियमांतही लॉगबुकातल्या खोट्या नोंदीबद्दल लायसन्स काढून घेण्याची तरतूद आहे, म्हणजे आज हातात असलेलं खरं लायसन्सही जाईल. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेल्या वैमानिकांना अटक झाली होती आणि राजस्थानात न उडवलेले तास नोंदवल्याचं प्रकरण लाचलुचपत विभागाने बाहेर काढलं होतं. 'सगळेच करतात' हा बचाव कुठल्याच कोर्टात चालत नाही. मूळ लॉगबुक जसंच्या तसं ठेवा. सोबत स्वतःच्या सहीचा वेगळा तक्ता जोडा: अमेरिकेच्या नियमाने इतके तास, भारतीय नियमाने इतके, फरक या कारणाने. फ्लोरिडातल्या शाळेकडून प्रशिक्षणाच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती लगेच मागवा. अमेरिकी नियमांनी मान्यताप्राप्त शाळांनाही त्या किमान एकच वर्ष जपायचं बंधन आहे, त्यामुळे उशीर झालाच आहे.

साडेपाच लाखांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या उपयोगी आहे. सल्लागाराने पैसे घेऊन सेवा देण्याचं कबूल केलं होतं. तो शिक्षणसंस्था नाही, त्यामुळे शिक्षणसंस्थांबाबतचा वाद इथे येत नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, त्याचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षांची, म्हणून पैसे कधी दिले आणि त्याने कधी हात वर केले, या तारखा लिहून काढा. 'सेट करू'चे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून दाखल होतात. काही रक्कम रोख दिली असेल, तर तिचा उल्लेख असलेला एखादा मेसेज शोधा.

बाबांना सांगा, हप्ता चुकायच्या आधीच बँकेला लेखी अर्ज द्यावा: उरलेले तास, अंदाजे महिने, आणि तोवर हप्ते पुढे ढकलण्याची विनंती. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत जातं आणि तारण घरावर कारवाईची वाट मोकळी होते. उड्डाण संस्थेचं कोटेशन अर्जासोबत जोडावं, आणि शाखेचा पोच-शिक्का असलेली प्रत घरी ठेवावी.