मोठ्या एसयूव्हीचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायच्या आहेत, कोणत्या घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं: गाडी सात आसनी, भरल्यावर अडीच टनांची. ताशी ८०च्या पुढे ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, पुढच्या डिस्क वाकल्यात, पॅडसकट बदला. आणि तुम्ही भोकं पाडलेल्या डिस्क अधिक सिरॅमिक पॅड असा तयार सेट बघून ठेवलाय.

पॅडचं बघू, पण भोकांच्या डिस्क घेऊ नका.

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करून ती हवेत सोडणं. अडीच टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साडेनऊ लाख ज्यूलच्या वर उष्णता तयार होते. एवढ्यात जवळजवळ तीन लिटर गार पाणी उकळेल. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या पदरात पडतो. पुढची एक डिस्क ११ किलोची धरली तर एका थांबण्यात ती साधारण ६०-७० अंशांनी तापते. एकदा थांबलात तर काहीच नाही. पण लांब उतारावर, गाडी भरलेली, मागे ट्रेलर, दर वळणाला ब्रेक, अशा वेळी डिस्कला गार व्हायला फुरसत मिळत नाही आणि तापमान चढत जातं. त्यामुळे जड गाडीच्या डिस्कमध्ये लोखंड किती, हा पहिला प्रश्न. भोकं पाडून आपण तेच कमी करतो.

मुळात ही भोकं आली कशी? जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मधे अडकायचा आणि पकड सुटायची. वायूला वाट म्हणून भोकं. आताच्या पॅडना हा त्रास फारसा नाही. पावसात पाणी पटकन निघून जातं हे खरं, पण त्याची किंमत भोकांच्या कडेला मोजावी लागते. मी आधीच्या गाडीला हौसेने असल्या डिस्क बसवल्या होत्या. अलॉयच्या आतून दिसायच्याही छान! दीडेक वर्षाने चाक काढलं तर एका भोकापासून दुसऱ्याकडे निघालेल्या केसाएवढ्या चिरा. नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकलं की डिस्क भंगारात, त्यात घासाघीस नाही. खाचा पाडलेल्या डिस्क त्यामानाने बऱ्या, कायम ट्रेलर ओढणाऱ्याने घ्याव्यात. पण त्या घुंईं असा आवाज करतात आणि पॅड लवकर खातात.

तेव्हा डिस्क साधी, आतून हवा खेळणारी, कंपनीच्या मापाची घ्या. घेताना वजन करून बघा. बाहेरून दोन डिस्क सारख्याच दिसतात, पण स्वस्त डिस्कच्या दोन थरांमधल्या पाकळ्या पातळ किंवा कमी असू शकतात आणि ते काट्यावर लगेच कळतं. मधल्या भागाला आणि कडेला गंजरोधक करडा मुलामा असेल तर उत्तम. काही डिस्कच्या पाकळ्या वळलेल्या असतात, त्यांना डावी-उजवी असते, अदलाबदल करू नका. प्रत्येक डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. जुन्या डिस्क त्याच्या खाली गेल्या असतील तर बदलण्याला पर्याय नाही. वर असतील तर लेथवर घासून घेता येतात, पण त्यातही लोखंडच जातं, म्हणून जड गाडीला मी ते करत नाही.

आणखी एक, एकाच मॉडेलला दोन मापांचे ब्रेक असणं अगदी सर्रास आहे. नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलं की हमखास चुकतं. चासी नंबर द्या, जुन्या डिस्कचा व्यास मोजून ठेवा.

आता पॅड. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत, छोट्या गाडीला ठीक. जड गाडीत तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचं प्रमाण बरंच असतं. ते उष्णता सोसतात, पण रिम काळी करतात, थोडं किरकिरतात आणि डिस्कही जरा जास्त झिजवतात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, पण पहिल्या गार ब्रेकला काहींचा चावा मऊ लागतो. तुमचं चालवणं बहुतेक शहरात आणि सपाट हायवेवर असेल तर चांगल्या कंपनीचे सिरॅमिक खुशाल घ्या. घाट, ट्रेलर, कायम भरलेली गाडी असेल तर सेमी-मेटॅलिक. माझ्या गाडीला सेमी-मेटॅलिकच आहेत, रिम धुवायचा कंटाळा मी सहन करतो.

डब्यावरच्या ‘सिरॅमिक’ या शब्दापेक्षा पॅडच्या कडेला छापलेला कोड वाचा. त्यात शेवटी दोन अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. जड गाडीला एफएफ किंवा त्याच्या वरचं बघा. एफई दिसलं तर समजा की तापल्यावर हा पॅड ढिला पडणार. अर्थात हा कोड फक्त पकड सांगतो. पॅड किती टिकेल, किती ओरडेल, हे त्यात नाही. युरोपीय आर९० ही मान्यता असेल तर आणखी चांगलं. त्यात नव्या पॅडचं ब्रेकिंग मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावं लागतं. बदलताना एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजू एकदम बदला.

आता तुमच्या थरथरीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ‘डिस्क वाकली’ हे आपण सगळेच म्हणतो, पण ओतीव लोखंडाची जाडजूड डिस्क रोजच्या वापरात सहसा वाकत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही स्टीअरिंगला जाणवतो. आणि हा फरक बऱ्याचदा बसवतानाच्या चुकीतून येतो.

माझ्याबाबतीत नेमकं तेच झालं. भोकांच्या डिस्क काढून साध्या घातल्या, गाडी लोण्यासारखी थांबू लागली. पाच-सहा हजार किलोमीटर गेले आणि थरथर परत. डिस्कला शिव्या घातल्या, दुसरी जोडी आणली. पुन्हा तेच! तिसऱ्या वेळी एका वयस्कर मेकॅनिकने डिस्क उतरवली, हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर बोट फिरवलं आणि माझंच बोट धरून तिथे टेकवलं. एका बोल्टच्या मुळाशी गंजाची खपली होती, कांद्याच्या सालीएवढी. डिस्क त्या खपलीवर कलती बसत होती. हबवर जेवढा कल, डिस्कच्या कडेला त्याच्या दुप्पट. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, ब्रेक न दाबतासुद्धा, डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जायची आणि हजारो किलोमीटरमध्ये तेवढीच पातळ व्हायची. म्हणून थरथर पहिल्या दिवशी नसते, काही महिन्यांनी येते, आणि बसवणाऱ्यावर कुणाचा संशय जात नाही. ‘डिस्कचा दोष नव्हता, साहेब,’ एवढंच तो म्हणाला. दोन जोड्या मी फुकट घालवल्या होत्या.

त्यामुळे काम करून घेताना समोर उभे राहा. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करायला सांगा, बोल्टच्या मुळांसकट. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, तिला गंजू नये म्हणून लावलेलं तेल असतं आणि ते पॅडमध्ये मुरलं तर पॅड गेला. डिस्क बसवून डायल गेज (काट्याचं सूक्ष्म मापक) लावा, फिरवताना तिची डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त भरली तर डिस्क एक-दोन बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. चाकाचे नट समोरासमोरचे घेत, टॉर्क रेंचने आवळायचे. एअर गनने हाणलेले नट डिस्कला एका बाजूने ओढतात, मग वरची सगळी मेहनत वाया.

कॅलिपर म्हणजे पॅड आणि त्यांना ढकलणारा पिस्टन धरणारा भाग, तो ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन काढून साफ करा, त्यांना खास ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडच्या क्लिप नव्या घाला. मागचे पॅड करणार असाल आणि हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडवर टाकायला लावा. पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर हँडब्रेकची मोटर तुटू शकते. पुढचा पिस्टन ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून सांडू शकते, झाकण उघडून लक्ष ठेवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५वर येते. दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदलून टाका.

गॅरेजमधून निघण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा, नाहीतर पहिला ब्रेक जमिनीला टेकतो. मग पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०वरून १०पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून सगळं गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि थरथर नव्याने सुरू.

जुने पॅड मात्र मेकॅनिकला देऊ नका. प्रत्येक चाकाचा आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. आतला बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल, किंवा एकच पॅड तिरका झिजलेला असेल, तर पिन किंवा पिस्टन अडकतोय. ते दुरुस्त केल्याशिवाय नवा माल घालू नका. फोटो काढून इथे टाका, बघून सांगतो.