विज्ञान संशोधन सेंटरची जबाबदारी नवीन आलीये ना? आधी एवढंच सांभाळ

अभिनंदन रे! पहिल्याच वर्षी शाळांसाठी मोठा महोत्सव काढू नकोस, मी तीच चूक केली, पैसे मंडपात गेले आणि पोरं रांगेत उभी राहून घरी गेली. त्यापेक्षा शाळेच्या पोरांसाठी महिन्याचा एक शनिवार ठरव आणि तो चुकवायचा नाही, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं अशीच वर्षानुवर्षं चालवली.

- पोरांच्या हातात वस्तू दे. स्ट्रॉचं टोक चपटं करून तिरके दोन काप दिले की पिपाणी वाजते, मागून कापत गेलं की सूर चढतो, तिथेच प्रश्न सुरू होतात बघ.
- आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर सहीसकट यायचं. असा वेळ तू स्वतः काढ.
- पीएचडीच्या मुलांना रोज यात जुंपू नकोस, थिसिस आधी.

ग्रँटचं नंतर बोलू.