तुझ्या नावे पडलेल्या नोंदी

मावशी,
माझं वय ४१. पतसंस्थेत हिशेब बघते. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या जन्मानंतर नैराश्य आणि धास्ती सुरू झाली, ती आजवर कमी-जास्त होत राहिली. गोळ्या घेतल्या, समुपदेशन झालं. गेलं वर्षभर बरीच बरी आहे, डॉक्टर आता गोळी कमी करू म्हणतात. पण डोक्यातली बोलणी काही थांबत नाहीत. ‘तुला एक काम धड येत नाही’, ‘तुझ्यामुळे सगळ्यांचे हाल झाले’. मैत्रीण म्हणाली म्हणून रोज आरशासमोर ‘मी समर्थ आहे, मी आनंदी आहे’ असं म्हणून पाहिलं, तर उलट रडूच आलं. स्वतःशी गोड बोलले तर आळशी होईन अशीही भीती वाटते. मागच्या आठवड्यात लेकीच्या हातून कप फुटला. मी काही बोलायच्या आतच ती स्वतःला म्हणाली, ‘मूर्ख आहे मी, एक काम धड येत नाही.’ शब्द माझे होते, सूरही माझा. त्या रात्री मला झोप लागली नाही.
– क., कराड

क.,

मावशी म्हणालीस, तेव्हा अगंतुगंच करते.

कपाचं वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले. त्या रात्री तू स्वतःला काय काय बोलली असशील याचा मला अंदाज आहे. ‘लेकीलाही बिघडवलंस’ हे तर नक्कीच. त्याच्याकडे येते, पण आधी आरशाचं बघू, कारण तिथे तुझं काहीच चुकलेलं नाही.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य त्यांनी लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच वाईट होतं, त्यांना ते म्हणून बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. ‘मी आनंदी आहे’ म्हटलं की मन लगेच विचारतं, कुठे गं? आणि नसल्याचे दहा दाखले काढून समोर ठेवतं. तुला रडू आलं ते तू खोटं बोलू शकली नाहीस म्हणून. त्याला दुबळेपणा म्हणू नकोस.

आपल्याकडे कौतुक आणि माया यांची गल्लत होते. तुला स्वतःचं कौतुक करायला मी सांगणारच नाही. अंगणात पोर धडपडलं, गुडघा खरचटला, की आजी काय म्हणायची आठव. ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ! ऊठ, ऊठ.’ मग पदराने गुडघा पुसायची, हळद लावायची. ‘तू फार सुंदर चालतेस’ असं ती म्हणत नव्हती, आणि ‘डोळे फुटले का’ असंही नाही. पडलंय, लागलंय, चल उठू या, एवढंच. तू लेकीशी नक्की असंच बोलत असशील. स्वतःची पाळी आली की मात्र तुझी भाषाच बदलते.

आता तुझ्या कामाच्या भाषेत सांगते. पतसंस्थेत कुणी तुझ्यापुढे नुसती चिठ्ठी आणून ठेवली, ‘अमक्याच्या नावे पन्नास हजार टाका’, तर तू टाकशील? पावती मागशील, सही बघशील, तारीख बघशील. आणि डोक्यातून ‘तुला एक काम धड येत नाही’ अशी चिठ्ठी आली की तीच तू डोळे मिटून खतावणीत उतरवतेस. नऊ वर्षं बिनपावतीच्या नोंदी चालल्या आहेत आणि सगळ्या नावे बाजूला. जमेची बाजू कोरी.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या १९६०च्या दशकात हेच लक्षात आलं होतं. नैराश्यातल्या माणसाच्या मनात असे विचार आपोआप, झर्रकन येऊन जातात, आणि विचार म्हणून ते तपासलेच जात नाहीत. वस्तुस्थितीच समजून पुढचं सगळं रडणं त्यांच्यावर उभं राहतं. बेक यांनी रुग्णांना ते पकडायला आणि कागदावर मांडायला शिकवलं. तुझ्या समुपदेशकांनी कदाचित असं काही करून घेतलं असेल. नसेल तर एक जुनी वही घे. काय झालं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं आणि त्याची पावती काय, हे तीन रकान्यांत लिही. रोज नको, दिवसातलं सगळ्यात झोंबलेलं एकच वाक्य पुरे. मनात ते फार मोठं वाटतं. कागदावर, तुझ्याच अक्षरात, ‘भाजी खारट झाली म्हणजे मी आई म्हणून नालायक’ असं वाचलं, की तुझ्यातली हिशेबनीस आपसूक जागी होईल.

एक नोंद मीच तपासून देते. ‘तुझ्यामुळे सगळ्यांचे हाल झाले.’ हाल झाले असतील, ते मी नाकारत नाही. पण रक्कम चुकीच्या खात्यावर पडली आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. नऊ वर्षांचे ते हाल आजाराच्या खात्यावर पडायला हवे होते, ते तुझ्या नावे पडले. ती दुरुस्ती तू स्वतः कर, लाल शाईने.

आता सुराबद्दल, कारण माझं अर्धं आयुष्य तिथेच अडलं होतं. मीही गोळ्या घेतल्या आहेत, दोन वेळा. त्या काळात पलंगावर पडून पंख्याकडे बघत मी शब्द बदलायचे, पण सूर तसाच राहायचा. ‘ठीक आहे, होतं असं’ हे वाक्यसुद्धा मी दात-ओठ खात म्हणायचे. तो सूर कुणाचा, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. शाळेत चौथीला एक बाई होत्या, त्यांचा. फळ्याशी उभं करून ‘सांग ना, आता का वाचा बसली?’ म्हणायच्या. पस्तीसेक वर्षं त्या माझ्या डोक्यात हजेरी घेत होत्या. तुझ्या आत कोण बोलतं, ते एकदा कान देऊन ऐक. माणूस ओळखू आलं, तर निदान तो आवाज आपला नाही एवढं तरी समजतं.

सूर बदलायला मराठीने आपल्याला एक छोटा शब्द देऊन ठेवला आहे, ‘अगं’. स्वतःच्या नावाने हाक मारायची आणि पुढे ‘अगं’ लावायचं. ‘अगं सुमन, दमलीस का?’ (नाव मी असंच घेतलं, तू तुझं घे.) ‘अगं’ म्हटल्यावर पुढचं वाक्य फारसं कठोर होऊच शकत नाही, करून बघ. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि इतरांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं, की ताणाच्या वेळी ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने संबोधून बोललं तर माणूस प्रसंगाकडे जरा लांबून बघू शकतो आणि घाबरणं कमी होतं. पहिले पंधरा दिवस कृत्रिम वाटेल. वाटू दे.

आळशीपणाची भीती मला कळते. आपण वाढलोच ‘बोलल्याशिवाय अक्कल येत नाही’ हे ऐकत. पण नऊ वर्षं तू स्वतःला अखंड बोलत आलीस. त्याने कामं जास्त झाली, की सकाळी अंथरुणातून उठणंच जड गेलं? तू घर आणि नोकरी सांभाळलीस ती त्या बोलण्यांमुळे नव्हे. ती बोलणी पाठीवर घेऊन सांभाळलीस.

गोळीबद्दल मात्र मी जरा कडक होणार. कमी करायची ती डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तितक्याच हळू. ‘आता मी मनाशी नीट बोलते, गोळी कशाला’ म्हणून एकदम सोडायची नाही. अचानक बंद केल्यावर गरगरणं, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं हे होऊ शकतं, आणि आजारही उलटू शकतो. स्वतःशी प्रेमाने वागण्यात वेळेवर गोळी घेणंही आलं. थायरॉईड आणि बी-१२ बरेच दिवसांत तपासलं नसेल तर तेही डॉक्टरांना विचार, त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा आणि उदासपणा येतो. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, असं आठवडाभर झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस.

आणि एक स्पष्ट विचारते. जगणं नको, असं मनात येतं का? पत्रात तू तसं काही लिहिलेलं नाहीस. पण येत असेल, एकदाही, तर आजच नवऱ्याला किंवा जवळच्या कुणाला सांग आणि डॉक्टरांना फोन कर. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लाव. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्यात लाज कसली? ताप चढला की आपण फोन करतोच ना.

आता लेक. ती तुझे शब्द उचलते याचा तुला धक्का बसला, पण त्याचाच अर्थ ती पुढचेही उचलेल. तिला समोर बसवून मोठं काही समजावू नकोस. एकदाच सांग, ‘त्या दिवशी तू स्वतःला मूर्ख म्हणालीस ना, ते माझ्याकडून ऐकलंस. मी स्वतःला तसं बोलायचे. ते चुकीचं होतं, आता मी वेगळं बोलायला शिकते आहे. मी विसरले तर मला आठवण कर.’ मुलांना अशी कामगिरी फार आवडते, ती तुला बरोबर पकडेल. तिने पकडलं की ओशाळून जाऊ नकोस, वाक्य तिथल्या तिथे बदल, तिच्यासमोर.

या आठवड्यात कधीतरी दूध उतू जाईलच. गॅस बंद करायला धावशील आणि तोंडावर जुनं वाक्य येईल, येऊ दे. मग ओटा पुसता पुसता, हॉलमध्ये गृहपाठ करणाऱ्या लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हण, ‘अगं, राहिलंय अजून दोन कप. चहापुरतं होईल.’

– मावशी