आधी मोजणी, मग सर्व्हर

तुम्ही विचारलंय की पाच प्रादेशिक आरोग्य संस्थांचं आयटी एका छत्राखाली आणायचं, तर सुरुवात सर्व्हरपासून करावी की हेल्पडेस्कपासून. माझं स्पष्ट मत आहे, आधी मोजणी करा आणि प्रत्येक संगणकाला मालक ठरवा. आयर्लंडमधल्या रुग्णालयांच्या आयटीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून तिथलंच सांगतो.

तिथली प्रादेशिक आरोग्य मंडळं जाऊन १ जानेवारी २००५ ला एचएसई ही एकच संस्था आली. पाटी बदलली, पण मंडळांच्या जुन्या यंत्रणा तशाच राहिल्या, फक्त एकमेकींना जोडल्या गेल्या. १८ मार्च २०२१ ला एका कर्मचाऱ्याने ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली, आणि त्या फाइलमधून हल्लेखोर आत शिरले. ३१ मार्चला त्या संगणकावरच्या अँटीव्हायरसने धोका ओळखलाही, पण तो नुसती नोंद करण्यापुरता लावलेला होता, त्याने अडवलं काहीच नाही. १४ मेच्या पहाटे त्यांनी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सोडला आणि देशभरची यंत्रणा बंद पडली. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहाला ३६ आठवड्यांच्या आतल्या गरोदर बायकांच्या ओपीडीच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. डिसेंबरमध्ये या हल्ल्याचा अहवाल आला, त्यात जुन्या विंडोज ७ वरचे ३०,००० हून जास्त संगणक निघाले. आणि सायबर सुरक्षेला वरच्या पातळीवर कुणी एक जबाबदार माणूसच नव्हता.

असे जुने संगणक नेहमी हलगर्जीपणामुळेच उरतात असं नाही. एका लॅबमध्ये रक्ततपासणीच्या मशीनशेजारी असाच एक मला सापडला. वर चिकटपट्टीने कागद लावलेला, ‘बंद करू नये’. मशीनच्या कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नव्हतं. मशीन लॅबच्या बजेटमधलं, संगणक आयटीचा, म्हणून तो दोघांच्याही यादीत नव्हता. हे ऑफिसात बसून कळत नाही. लॅबमध्ये, वॉर्डात, एक्स-रेच्या खोलीत स्वतः फिरा, सोबत तिथला जुना टेक्निशियन घ्या. जे बदलता येणार नाहीत ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या ओळखीची, आणि इथे घाई करू नका अशी कळकळीची विनंती आहे. एकाच बाईचे पाच ठिकाणी पाच नोंदणी क्रमांक असणार. पण नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून सॉफ्टवेअरला परस्पर नोंदी एकत्र करू देऊ नका. एकीची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसरीच्या कागदांत गेली, तर ती वेगळी काढेपर्यंत कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. न्यूझीलंडने १ जुलै २०२२ ला आपली २० जिल्हा आरोग्य मंडळं एकत्र केली, तेव्हा त्यांच्याकडे एनएचआय हा देशभर चालणारा रुग्ण क्रमांक आधीपासून होता. आयर्लंडमध्ये असा क्रमांक देण्याचा कायदाच २०१४ मध्ये झाला.

हेल्पडेस्कचा फोन नंबर खुशाल एक करा, मात्र पहिलं वर्षभर तरी स्थानिक माणसं हलवू नका. कुठली केबल कुठे जाते, हे बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं.

मोजणीच्या तक्त्यात मी पाच रकाने ठेवायचो: यंत्र, जागा, विंडोजची आवृत्ती, मालकाचं नाव, आणि हे बंद पडलं तर कुठल्या रुग्णांचं काम अडेल. शेवटचा रकाना नर्सकडून भरून घ्या.