परदेशी शाळेतले पहिले पंधरा दिवस

परदेशी शाळेत शिकवायला गेलात आणि पहिल्या आठवड्यात वर्ग गप्प बसला, तर घाबरू नका. बऱ्याचदा मुलांना विषय कळतो, आपले उच्चार कळत नाहीत. मीही सुरुवातीला भराभर शिकवून ‘समजलं का?’ विचारायचो. सगळी माना डोलवायची, वह्या मात्र कोऱ्या! तेव्हा सूचना तोंडी द्या, फळ्यावरही लिहा आणि एखाद्याला ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

बाकी दोनच गोष्टी:

- हजेरीतली नावं आदल्या दिवशी सहकाऱ्याकडून नीट उच्चारून घ्या. चुकीचं नाव पुकारलं की वर्ग हसतो, आणि ते पोर दुखावतं.
- शाबासकीची थाप मारण्याआधी, फोटो काढण्याआधी शाळेचे नियम वाचा.

‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य स्टाफरूममध्ये महिनाभर तरी गिळा. परीक्षा, गुणपद्धती वगैरे नंतर बघू.