प्रत्येक पक्षी तिचा नाही

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. इंग्लंडमध्ये फेझंट या कोंबड्यासारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. तेवढे चार महिने लोक कसेबसे निभावून नेतात आणि हंगाम संपला की येतात. इथे अशा शिकारीच्या दिवसाला शूट म्हणतात. "कुत्री घरी अगदी शहाणी आहे हो, पण शूटवर तोंड म्हणून बंद करत नाही."

मी इथे कुत्र्यांच्या वर्तनाबद्दल समुपदेशन करते. त्या वर्षी आलेल्या बाई शेतकरी होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्यासोबत तीन वर्षांची काळी लॅब्रडोर, टेस. माझ्या खोलीत आल्यावर टेस बाईंच्या बुटावर हनुवटी टेकवून पडली आणि दहा मिनिटांत घोरायला लागली. बाईंचे डोळे मात्र भरून आले होते. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी शिकारीचं रान राखणाऱ्या गेमकीपरने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पुढच्या वेळी हिला घरी ठेवून या." बाईंनी मला विचारलं, "मी बिघडवलं का हो हिला? आता कायमची अशीच राहणार का?"

शूट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बंदूकवाले, बहुधा आठ-नऊ जण, नेमून दिलेल्या जागी ओळीने उभे राहतात. त्या जागेला पेग म्हणतात. समोरच्या रानातून बीटर झुडपं बडवत, झेंडे फडकवत पक्षी उठवतात. ओळीच्या मागे पिकर-अप आपापली कुत्री घेऊन थांबतात. पडलेले पक्षी, आणि त्यातही जखमी होऊन पळालेले, लवकरात लवकर शोधून आणणं हे त्यांचं काम. अशा एका फेरीला ड्राइव्ह म्हणतात, आणि दिवसात अशा चार-पाच होतात. कुत्र्याच्या जागी बसून पाहा: धावायचं ते थोडा वेळ, बाकी सगळं बसून राहायचं. डोळ्यांसमोर पक्षी धपाधप पडताहेत, बार उडताहेत, वासाने नाक भरलंय, आणि जागचं हलायचं नाही. टेस नेमकी याच वेळी कण्हायची, मग केकाटायची, आणि शेवटी आकाशाकडे तोंड करून भुंकायची. एका कुत्र्याने सूर लावला की शेजारची कुत्रीही लावतात, आणि रानातले पक्षी सावध होऊन भलतीकडे वळतात. केनेल क्लबच्या रिट्रीव्हर फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे शिकार आणणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेत, तर कण्हणं किंवा भुंकणं हा थेट बाद करणारा दोष आहे. त्यामुळे बाईंना वाटणारी लाज मला समजत होती.

मी आधी टेसला पशुवैद्याकडून नीट तपासून घ्यायला सांगितलं. सांधे, कान, दात, सगळं. दुखणं असलेला कुत्राही अस्वस्थ होतो, आणि ते न पाहता शिकवायला बसणं अन्यायाचं आहे. टेस ठणठणीत निघाली.

मग मी बाईंना म्हटलं, "शूटच्या दिवशी सकाळी गजर झाल्यापासून सांगा. काहीही वगळू नका."

त्यांना हे विचित्र वाटलं, कारण त्यांची तक्रार मैदानावरची होती. पण सांगता सांगता त्याच मध्येच थांबल्या. खुंटीवरचा मेणकापडी कोट काढला की टेस दाराशी येऊन थरथरायची. गळ्यात शिट्टी अडकवली की कुंई सुरू. गाडीत मागच्या पिंजऱ्यात गोल गोल फेऱ्या. शेवटचं वळण आलं की धापा. म्हणजे पहिला बार उडायच्या दीड तास आधीच तिच्या अंगात आलेलं असायचं, आणि बाई उपाय करत होत्या ते सगळं त्यानंतरचं.

आपल्याकडे वेध लागणं म्हणतात ना, तसे टेसला वेध लागायचे. मिळण्यापेक्षा मिळणार या आशेनेच मेंदू जास्त पेटतो. पक्षी तोंडात आला की टेस गप्प व्हायची, तिचं सगळं ओरडणं त्याआधीचं. एकदा अंग असं तापलं की ते पाच मिनिटांत निवत नाही. पहिल्या ड्राइव्हचा ताप उतरायच्या आत दुसरी सुरू होते, त्यावर तिसरी. दुपारच्या जेवणानंतर कुत्रा हाताबाहेर जातो तो यामुळे, हट्टाने नाही.

बाईंनी तोवर काय काय करून पाहिलं होतं? दरडावलं, पट्ट्याला हिसका दिला, तोंड हाताने दाबून धरलं. कुणीतरी पाण्याचा फवारा सुचवला, तोही मारला. सकाळी निघण्याआधी चाळीस-चाळीस वेळा डमी फेकून तिला दमवायचा प्रयत्न केला. (डमी म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायची कॅनव्हासची भरीव पिशवी.) हा शेवटचा उपाय लोक फार प्रेमाने करतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. चाळीस वेळा फेकलं की चाळीस वेळा आणायचं, हा नेम पक्का होतो. शिवाय अंग दमतं, डोकं मात्र पेटलेलंच राहतं.

पुढचा प्रश्न मी जरा हळू विचारला. "ती ओरडत असताना तिला कधी पक्षी आणायला सोडलंत का?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेवढाच तर गप्प करण्याचा मार्ग होता."

गाठ इथेच होती. टेसच्या हिशेबात ओरडल्यावर पक्षी मिळत होता. दर वेळी नाही, अधूनमधून. आणि अधूनमधून मिळणारं बक्षीस सवयीला सगळ्यात घट्ट धरून ठेवतं. मी बाईंना स्पष्ट सांगितलं की यात तुमचा गुन्हा काही नाही. ओळीत उभं राहून वीस जणांच्या नजरा झेलत तुम्ही त्या क्षणी जे सुचलं ते केलंत. पण पुढच्या हंगामात हा पगार बंद करावा लागेल.

शॉक कॉलरबद्दलही त्यांनी विचारलं, कारण कुणीतरी ती सुचवली होती. वेल्समध्ये २०१० पासून विजेचा धक्का देणाऱ्या कॉलरवर बंदी आहे. कायद्याचं सोडा, मी कुठेच ती वापरू देत नाही. धक्का बसला त्या क्षणी कुत्र्यासमोर जे असेल त्याच्याशी तो दुखणं जोडतो. समोर बंदूक असेल तर बंदुकीशी, शेजारचा कुत्रा असेल तर त्याच्याशी. मग ओरडणाऱ्या कुत्र्याच्या जागी भेदरलेला कुत्रा मिळतो, आणि त्याला सावरणं कितीतरी अवघड असतं.

आमच्या हातात फेब्रुवारी ते ऑगस्ट असे सात महिने होते. पहिले तीन आठवडे एकही डमी फेकायची नाही, असं मी सांगितलं तेव्हा बाई दचकल्या. "ती विसरेल सगळं!" लॅब्रडोर आणणं विसरत नाही, ते तिच्या रक्तात आहे. विसरायचं आहे ते मधलं तापणं. या तीन आठवड्यांत भरपूर झोप, सैल पट्ट्यावर संथ फिरणं, आणि रोजच्या जेवणातले मूठभर दाणे गवतात विखरून नाकाने शोधायला लावणं, एवढंच. नाक जमिनीला लागलं की कुत्र्याचा श्वास बदलतो. हे एकदा जवळ बसून पाहा, खांदे कसे खाली येतात ते दिसतं.

त्याच काळात कोटाचा खेळ सुरू केला. दिवसातून चार-पाच वेळा कोट घालायचा आणि चहा पीत बसायचं. शिट्टी गळ्यात अडकवून भांडी घासायची. टेसला पिंजऱ्यात बसवून गाडी सुरू करायची, बंद करायची, घरात परत. दहाव्या दिवशी बाईंनी कोट काढला तेव्हा टेसने एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. हे सांगताना बाईंचा आवाज कापत होता.

मग डमी परत आणल्या, पण उलट्या नियमाने. दहा फेकायच्या, नऊ बाईंनी स्वतः चालत जाऊन उचलून आणायच्या, टेसने बसून पाहायचं. दहावीही ती शांत असेल तरच तिची. टेसच्या मनात बसलेलं समीकरण होतं, 'पडलं म्हणजे माझं.' त्याच्या जागी मला बसवायचं होतं, 'पडतं ते बहुतेक दुसऱ्या कुणाचं असतं, आणि माझी पाळी आली की बाई सांगतात.' प्रत्येक पक्षी तिचा नाही, हे तिला कळलं की वाट पाहणं सोसवतं.

आवाज आला तर काय करायचं, हे बाई सारखं विचारत. काही बोलायचं नाही. रागावायचं नाही, चुचकारायचंही नाही. वळायचं आणि तिला घेऊन शांतपणे वीस-तीस पावलं मागे जायचं. अंग सैल पडलं, जमिनीचा वास घेऊ लागली की परत पुढे. ओरडलं की पक्षी लांब जातो, गप्प राहिलं की जवळ येतो. कुत्र्याला हा व्यवहार समजतो, फक्त तो दर वेळी तोच असायला हवा.

डमी परत आणल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री बाईंचा फोन आला. "पूर्वीपेक्षा जास्त ओरडली आज. मी सोडून देते." मी त्यांना थांबवलं. आजवर चालत आलेली युक्ती चालेनाशी झाली की कुत्रा आधी ती दुप्पट जोराने करून पाहतो. हाच टप्पा सगळ्यात नाजूक असतो. इथे नमलं तर तो शिकतो की यापुढे एवढ्या जोराने ओरडायचं. बाईंनी आणखी पाच दिवस धीर धरला आणि सहाव्या दिवशी ओरडणं निम्म्यावर आलं.

एप्रिलमध्ये मी त्यांच्या शेतावर गेले. एक शेजारी तीनशे पावलांवरून कोरे बार काढणार होता आणि टेस आमच्यापाशी गवतात दाणे शोधत होती. माझ्या खिशात चीजचे तुकडे होते. हे माझं मोजमाप. घरी जीव टाकून खातो ती गोष्ट कुत्रा बाहेर नाकारायला लागला, किंवा बोटांना दात लागतील इतक्या घाईने ओढायला लागला, की समजायचं, आपण फार जवळ आलो. पहिल्या बाराला टेसने डोकं वर केलं, चीज घेतलं, पुन्हा खाली. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याच्या आधी मात्र तिचं तोंड मिटलं, कान पुढे आले, पुढचे पाय आळीपाळीने उचलले जाऊ लागले आणि मांडीवर बारीक थरथर उठली. अजून बार उडालाही नव्हता. मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. पट्टा मुठीला दोन वेढे घेऊन ताणलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली, आणि बाईंनी श्वास रोखून धरलेला. शेजाऱ्याने हात वर केलेला त्यांना दिसला होता, आणि टेसला त्या दिसत होत्या.

"श्वास सोडा," मी म्हटलं. "पट्टा एवढा सैल करा की मध्ये झोका दिसला पाहिजे. आणि आज सकाळी गायींना काय घातलंत ते मला सांगा."

बाई गायींचं सांगू लागल्या. पट्ट्याला झोका आला. टेसने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, अंग झाडलं, ओल्या कुत्र्यासारखं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि खाली मुंडी घालून वास घ्यायला लागली. बार उडाला तेव्हा ती दाणे चावत होती.

सगळ्याच कुत्र्यांचं असं होतं असं मी सांगणार नाही. आवाजाचा स्वभाव काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि म्हणूनच फील्ड ट्रायलवाले तो दोष इतका गंभीर मानतात. एका स्प्रिंगर स्पॅनिअलवर मी आणि त्याच्या मालकाने दीड वर्ष कष्ट घेतले. बसून वाट पाहणं त्याला जमलंच नाही. शेवटी मी मालकाला सुचवलं की त्याला पेगवरून काढा आणि बीटरांबरोबर चालवा. तिथे तो झुडपांत घुसून सतत कामात असतो, ताटकळावं लागत नाही. त्याचा आवाज गेला नाही, पण पुष्कळ कमी झाला, आणि कुत्रा सुखी आहे. मी ते अपयश मानत नाही. जो कुत्रा जिथे बरा राहतो तिथे त्याला काम द्यावं.

टेसची परीक्षा सप्टेंबरात सुरू झाली. इथे पार्ट्रिजचा, म्हणजे तितरासारख्या पक्ष्याचा, हंगाम १ सप्टेंबरला उघडतो. पहिल्या दिवशी बाई ओळीपासून दोनशे पावलं मागे उभ्या राहिल्या, एक ड्राइव्ह पाहिली आणि एकही पक्षी न उचलता घरी गेल्या. दुसऱ्या वेळी दोन ड्राइव्ह. गेमकीपरला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मी यंदा शिकवायला येते आहे, माझ्यावर विसंबू नका. हे सांगायला त्यांना फार जड गेलं. पण सांगितल्यावर खांद्यावरचं ओझं उतरलं आणि पट्टा आपोआप सैल झाला.

डिसेंबरात त्यांनी फोन केला. त्या दिवशी दोन ड्राइव्ह टेस तोंडातून हूं न काढता बसली होती, दोन्हींनंतर पक्षी आणले होते. तिसऱ्या ड्राइव्हला एक फेझंट तिच्यापासून दहा पावलांवर आदळला. अगदी तोंडाशी आलेला. टेसच्या नाकातून एक बारीक कुंई निघाली, बिजागरी वाजावी तेवढीच.

"मग?" मी विचारलं.

"पक्षी मेलेलाच होता, त्यामुळे घाई नव्हती. मी शेजारच्याला म्हटलं, तो तुझ्या कुत्र्याला आणू दे. आणि आम्ही दोघी गाडीकडे चालत गेलो. वाटेत ती वास घेत घेत आली, निवांत."

"लोक बघत होते?"

"असतील," बाई म्हणाल्या. "माझं लक्ष पट्ट्याकडे होतं."